डावा मागचा पाय

२०२२ च्या सप्टेंबरात माझी ड्यूटी लाखांदूर तालुक्यात लागली होती. मी कोका भागातली वनरक्षक. पण त्या पावसाळ्यात आमच्यातल्या बऱ्याच जणांना आपापलं बीट सोडून तिकडे जावं लागलं. सीटी-वन नाव दिलेला वाघ वडसा, लाखांदूर आणि ब्रह्मपुरीकडच्या जंगलांत वैनगंगेच्या अल्याड-पल्याड फिरत होता. तो पकडला गेला तोवर त्यानं तेरा माणसं मारली होती. वडशाकडे सहा, आमच्या भंडारा जिल्ह्यात चार, ब्रह्मपुरीकडे तीन. धान गर्भात होतं, बांध्यांत पाणी होतं, आणि लोकांना जंगलात जाणं टाळता येत नव्हतं. सरपण हवं, गुरांना चारा हवा, पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली आळंबी, आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, विकून चार पैसे मिळतात, तेही हवेत. सकाळ-संध्याकाळ गस्त घालायची आणि दिवसभर घरोघरी जाऊन एकटं जाऊ नका, वाकून बसू नका, अंधाराआधी परत या, हे सांगत राहायचं, असं आमचं काम होतं.

एका गावात ओसरीवर एक म्हातारी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं. मग सूप खाली ठेवून विचारलं, "बाई, तो नर हाये का मादी?"

"नर आहे, आजी."

"कशावरून?"

त्या महिनाभरात मला शेकडो प्रश्न विचारले गेले होते. वाघ कधी धरणार, गोळी का घालत नाही, पैसे कधी मिळणार. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला. मी तिला सांगितलं की, कॅमेऱ्यात त्याचा मागून फोटो आलाय, त्यात नर असल्याचं स्वच्छ दिसतं. तिनं मान हलवली. "मादी असन तं मांगं पिल्लं असतीन. तिले नेलं का ते पिल्लं उपाशी गावात येतीन. म्हणून इचारलं."

मी तिच्याजवळ थोडा वेळ बसून राहिले. हाच प्रश्न मला कोणी २०१४ च्या एप्रिलमध्ये विचारला असता, आणि असंच 'कशावरून' म्हणून अडवलं असतं, तर फार बरं झालं असतं.

नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. प्रशिक्षणात पगमार्क शिकवला होता, वहीत आकृत्याही काढल्या होत्या. पण माग काढायला मला शिकवलं ते आमच्या नाक्यावरच्या एका वनमजुरानं. त्यांना सगळे काकाजी म्हणायचे. शाळा तिसरीपर्यंत. पायात टायरच्या चपला, कमरेला कुऱ्हाड. सकाळी सूर्य खाली असतानाच ते वाटेवर निघायचे, कारण तिरप्या उन्हात ठशाच्या कडांची सावली पडते आणि पाऊल उठून दिसतं. डोक्यावर ऊन आलं की तोच ठसा धुळीत विरघळल्यासारखा होतो. चालताना उन्हाकडे तोंड ठेवायचं, म्हणजे ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मधे येतो. ही गोष्ट माझ्या वहीत नव्हती.

वाघाचा ठसा म्हणजे चार बोटं आणि मागे गादी. गादीची मागची कड तीन उंचवट्यांची. नखं उमटत नाहीत, कारण मांजराच्या जातीचा प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो. कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा ठसा नखांवरून लगेच वेगळा काढता येतो. इथपर्यंत कोणालाही जमतं. अवघड काम त्यानंतर सुरू होतं.

काकाजींचा नियम असा. वाघाचे पुढचे पाय मोठे आणि गोलसर, मागचे त्याहून लहान आणि लांबट. नर-मादी ठरवायची ती मागच्या पायावरून. मागच्या पायाच्या ठशाभोवती काडीनं चार रेघा मारायच्या, बोटांच्या टोकांना आणि गादीच्या कडेला टेकतील अशा. रेघांचा चौकोन चारी बाजूंनी सारखा निघाला तर नर. उभा लांबट निघाला तर वाघीण. "बोटंबी पाहायची," ते म्हणायचे. "नराचे टेंभरासारखे गोल. वाघिनीचे खारकेसारखे लांबट." आणि एका ठशावर कधी बोलायचं नाही. निदान आठ-दहा पावलं पाहायची, तीही कडक जमिनीवर पसरलेल्या पातळ धुळीतली. चिखलातला ठसा खोटा बोलतो. पाय रुततो, बोटं फाकतात, पाऊल आहे त्याहून मोठं आणि रुंद होतं. वाळूत कडा ढासळतात. चढावर बोटांवर भार येतो, उतारावर गादी घसरते.

काकाजी हे सगळं वाघांच्या गणतीत शिकले होते. ओडिशाचे वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत बसवली. ठशावर पायांवर उभी केलेली काच ठेवायची, काचेवर पेननं त्याची बाह्यरेषा काढायची, मग ती कागदावर उतरवायची. मोजायचा तो डावा मागचा पाय. सगळ्यांनी एकच पाय घ्यायचा, म्हणजे एक वाघ दोनदा मोजला जाणार नाही. १९७२ च्या देशभरच्या गणतीत १८२७ वाघांचा आकडा आला तो असाच. पुढे या पद्धतीवर टीका झाली. प्रत्येक वाघ निव्वळ ठशावरून वेगळा ओळखता येतो हा दावाच टिकला नाही. उल्हास कारंतांसारखे अभ्यासक हे आधीपासून सांगत होते. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघड झालं. त्यानंतर देशभर कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखायची पद्धत आली. २००८ मध्ये जाहीर झालेला १४११ चा आकडा त्या नव्या पद्धतीचा.

काकाजींना याचं वाईट वाटलं होतं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला मात्र वाटतं की, त्या वादात एक गोष्ट मागे पडली. अमुकच वाघ ओळखणं वेगळं, आणि नर की मादी ओळखणं वेगळं. दुसरी गोष्ट ठशांवरून बऱ्यापैकी साधते. संदीप शर्मा, यादवेंद्रदेव झाला आणि मेळघाटात काम केलेले आपले विश्वास सावरकर या तिघांनी २००३ मध्ये तसा अभ्यासही प्रसिद्ध केला. त्यातही आधार होता तो मागच्या पायाच्या ओळीनं पडलेल्या अनेक ठशांच्या मापांचा, एखाद्या सुट्या ठशाचा नव्हे. काकाजी काडीनं जे करत होते ते त्यांनी आकडेमोडीनं तपासलं.

आता एप्रिल २०१४ ची गोष्ट.

मोहफुलाचे दिवस होते. आमच्याकडे मोह पडायला लागला की गावं पहाटे तीनलाच उठतात. बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उजाडल्यावर फुलं वेचायला गुरं आणि हरणंही येतात. माझ्या बीटमध्ये एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर मला वाघाचं पाऊल सापडलं. बोडी आटत आलेली, काठाला ओला गाळ. दोनच ठसे स्वच्छ उमटलेले. पुढे लगेच गवत होतं, माग तिथे संपत होता. काकाजी त्या आठवड्यात नातीच्या लग्नाला गेले होते. मी पट्टी लावली. लांबी १३ सेंटीमीटर, रुंदीही १३. काडीनं चौकोन काढला, तो अगदी सारखा निघाला. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. एकटीनं काढलेला माझा तो पहिला माग होता. मी वहीत लिहिलं, 'प्रौढ नर'.

गावात जाऊन पोलीस पाटलांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं. लोकांनी विचारलं, मोहाला जायचं की नाही? मी म्हणाले, नर आहे, नर एका जागी थांबत नाही, आज इथं तर उद्या पंधरा किलोमीटरवर. दोन दिवस थांबा, मग गटानं जा.

हे सर्वसाधारणपणे खरंच आहे. नराचा इलाखा मोठा असतो, त्यात दोन-तीन वाघिणींचे इलाखे सामावलेले असतात, आणि तो हद्दीवर सतत फेऱ्या मारत असतो. तरुण नर तर आईपासून सुटला की लांबलांब निघून जातो. नागझिऱ्यात जन्मलेला जय २०१३ मध्ये असाच चालत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला. आमच्या पवनीपर्यंत त्याचा वावर होता. त्याला बघायला देशभरातून माणसं आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याचा सिग्नल बंद झाला, आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. वाघिणीचं तसं नसतं. ती बहुधा आईच्या इलाख्याच्या आसपासच जागा धरते. पिल्लं झाली की सुरुवातीचे महिने ती एका नाल्याच्या, एका खोऱ्याच्या आसपासच राहते. शिकारीला जाते आणि परत तिथेच येते. पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्याबरोबर असतात. म्हणजे मी गावाला जो सल्ला दिला, तो वाघीण असती तर नेमका उलटा द्यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाया गटानं गेल्या. बोडीपासून अर्ध्या किलोमीटरवर नाल्याच्या वरच्या अंगाला मोहाची पाच-सहा मोठी झाडं आहेत. त्या वेचत असताना नाल्यातल्या जांभळीच्या गर्दीतून वाघीण गुरगुरत अंगावर धावून आली. दहा-बारा हातांवर थांबली, पाय आपटून परत फिरली. बाया टोपल्या टाकून पळाल्या. एक बाई दगडावर पडली, तिचं मनगट मोडलं. तेवढ्यावर निभावलं. वाघिणीनं ठरवलं असतं तर निभावलं नसतं. पिल्लं जवळ असली की वाघीण आधी असाच खोटा हल्ला करून माणसाला हाकलते. तिला कोणाला मारायचं नव्हतं, ती फक्त बाजूला व्हा म्हणत होती.

मनगट मोडलेल्या बाईला मी मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत ती एकदाच बोलली. "मॅडम, तुमी तं नर म्हटलं होतं नं." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

काकाजी दोन दिवसांनी परतले. मी त्यांना बोडीवर नेलं. ठसे वाळून कडक झाले होते, कडांना भेगा पडल्या होत्या, पण ओळखू येत होते. ते उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पाय पुढचा हाये, बाई."

पुढचा पाय कोणत्याही वाघिणीचा जवळपास चौकोनीच दिसतो. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा जरा पुढे पडतो. त्या दिवशी वाघीण गाळात पुढचे पाय ठेवून पाणी प्यायली असणार आणि तिचे मागचे पाय काठाच्या गवतावर होते. गाळात उमटले ते दोन्ही पुढचेच. त्यात गाळानं पंजा फाकवला. नियम मला पाठ होता, पण नियम ज्या पायाचा आहे तो पाय माझ्यासमोर नव्हताच.

मग ते उठले आणि बोडीच्या काठानं नाही, तर गवताच्या कडेकडेनं चालू लागले. वीस-पंचवीस पावलांवर वाकले. तिथे धूळ होती, मूठभर जागेत. त्यात लिंबाएवढ्या गादीचा एक ठसा होता, बाजूला आणखी एक, अर्धवट. "हे पाहा. आई पानी पीत होती तवा हे इथं थांबले होते."

मी त्या दिवशी तिथून दोनदा गेले होते. मोठं पाऊल सापडल्यावर लहान पाऊल शोधायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. वाटेवर पुढे, कडक धुळीत, आम्हाला तिचा डावा मागचा पायही मिळाला. लांबी साडेबारा, रुंदी साडेदहा. उभा, लांबट चौकोन. चार दिवसांनी लावलेल्या कॅमेऱ्यात ती दिसली. मागे दोन पिल्लं, शेपट्या वर करून चालणारी. वहीतली नोंद मी खोडली नाही. खाली तारीख घालून दुसरी लिहिली. आजही ती वही माझ्याकडे आहे.

यानंतर मी जेवढं मिळेल तेवढं वाचत गेले. जिम कॉर्बेटचं पुस्तक लहानपणी वाचलं होतं, मराठीत. ते परत वाचताना चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या हकिकतीत मी अडकले. म्हातारी वाघीण आणि तिचं जवळपास पूर्ण वाढलेलं पिल्लू, दोघं बरोबर होती. कॉर्बेटनं दुरून दोघांतलं फिक्या रंगाचं जनावर म्हातारी आई समजून टिपलं. ते पिल्लू निघालं. त्या चुकीची किंमत पुढे किती माणसांनी मोजली, ते त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. इतका जाणता माणूस, भर उजेडात, बंदूक रोखून शांतपणे बघत होता, तरी चुकला. हे वाचून मला धीर आला नाही. उलट भीती वाटली, आणि ती भीती मी टिकवून ठेवली आहे.

एका कार्यशाळेत अमेरिकेतल्या कूगरबद्दल ऐकलं. आपल्या बिबट्याएवढं, अंगावर ठिपके नसलेलं, पिवळट तांबूस जनावर. तिकडच्या काही राज्यांत त्याच्या शिकारीला परवाना मिळतो, पण पिल्लं बरोबर असलेली मादी मारायला मनाई असते. कुत्री मागे लावली की कूगर झाडावर चढून बसतो. मग शिकाऱ्यानं खालून नीट पाहून ठरवायचं असतं. नराच्या शेपटीखाली, पोटाकडच्या बाजूला, रुपयाएवढा काळा केसांचा ठिपका असतो, मादीला तो नसतो. कोलोरॅडो राज्यात तर हे ओळखायला शिकल्याची परीक्षा दिल्याशिवाय परवाना देत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण मादी शिकारीला निघते तेव्हा लहान पिल्लं कुठेतरी कपारीत ठेवून येते. झाडावर ती एकटीच असते, मागावरही एकटीचीच पावलं असतात. म्हणजे 'बरोबर पिल्लं नाहीत' यावरून 'पिल्लंच नाहीत' असं म्हणता येत नाही. हे ऐकताना मला माझी बोडी आठवली.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं वाघ-बिबट्यांची शिकार बंद आहे, तेव्हा हा प्रश्न शिकाऱ्यापुढे येत नाही. तो आमच्यापुढे येतो, माणसं मारणारं जनावर धरायची वेळ येते तेव्हा. धरायला किंवा मारायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. तो एका ठरावीक जनावरासाठी असतो आणि त्याची ओळख आधी पटवावी लागते, कॅमेऱ्यातले पट्टे, ठसे, विष्ठेतला किंवा जखमेवरच्या लाळेतला डीएनए यांवरून. यवतमाळात पांढरकवड्याला माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-वन वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागून मेली. त्याच जंगलात एक नरही फिरत होता, आणि तिची दोन पिल्लं वर्षाच्या आतली होती. एक नर, एक मादी. मादी पिल्लू त्या डिसेंबरात पकडलं, पेंचला मोठ्या कुंपणात वाढवलं, २०२१ च्या मार्चमध्ये जंगलात सोडलं. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीबरोबरच्या झुंजीत झालेल्या जखमांनी ते गेलं. त्या सगळ्या प्रकरणावर पुष्कळ वाद झाले, मी त्यात पडत नाही. मला त्या पिल्लाचं वाईट वाटतं एवढंच. आईनं जे दीड-दोन वर्षांत शिकवायचं, त्यातलं अर्धंच त्याला मिळालं होतं.

बिबट्याच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. तोही सांगते, कारण गावात तो दर पावसाळ्यात होतो. मोठ्या बिबट्याचा ठसा आणि वाघाच्या वाढत्या पिल्लाचा ठसा मापानं सारखे येऊ शकतात. लोक सुटकेचा श्वास टाकतात, बिबट आहे म्हणून. पण पिल्लाच्या पंजाची गादी ठशाच्या मानानं मोठी आणि जाड असते, बोटं आखूड. जणू अंगापेक्षा मोठी चप्पल घातली आहे. आणि पिल्लू असेल तर आई फार लांब नसते. म्हणून असा ठसा दिसला की मी आता मापाची पट्टी नंतर काढते. आधी आजूबाजूला फिरते.

लाखांदूरला परत येते. सीटी-वनचे ठसे मी तीनदा पाहिले. बांधावरच्या कडक मातीत मिळालेला डावा मागचा पाय चारी बाजूंनी सारखा होता, बोटं गोल होती, आणि ढेंगेचं अंतरही खूप जास्त. तरी मी 'नर' म्हणाले ते कॅमेऱ्यातला फोटो पाहिल्यावरच. फोटोत नर ओळखायच्या खुणा सोप्या असतात. मागून पाहिलं तर वृषण दिसतात. डोकं रुंद, गालांवर केसांची झालर, मान जाड. पण कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना लावलेला असावा लागतो, नाहीतर नुसता खांदा आणि शेपटीचं टोक मिळतं. १३ ऑक्टोबरला वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरला गोरेवाड्याला नेलं. मी तेव्हा तिथे नव्हते, बातमी फोनवर आली. मी त्या आजीच्या गावात जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "मांगं कोनी नाही नं?" मी म्हणाले, नाही. यावेळी मला ते खात्रीनं सांगता आलं.

पुढच्या वर्षी, २० मे २०२३ ला, नागझिऱ्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी सोडल्या, गळ्यात पट्टे घालून. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. जंगल मोठं, पण वाघ थोडे. नर बाहेरून चालत येतात आणि चालत निघूनही जातात. वाघीण टिकली तर जंगल टिकतं, असं आमच्यातले जुने लोक म्हणतात, आणि मला ते पटतं. त्या दोघी आल्यापासून वाटेवर लांबट ठसा दिसला की मी जरा जास्त वेळ बसते.

काकाजी आता निवृत्त आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन उशिरा झालं, एका डोळ्यानं जवळपास दिसत नाही, दुसऱ्यानं धूसर. गेल्या हिवाळ्यात नाल्याच्या वाटेवर मला एक चांगली ओळ मिळाली, अकरा पावलांची. मी प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून डाव्या मागच्या पायाचे दोन साचे घेतले. साचा घेताना ठशाभोवती कागदाची पट्टी लावायची, प्लास्टर ताकासारखं पातळ करून कडेनं हळू सोडायचं, वरून ओतलं तर बोटांच्या कडा मोडतात. अर्ध्या तासात घट्ट होतं. रविवारी ते दोन्ही साचे फडक्यात बांधून मी त्यांच्या घरी गेले.

ते अंगणात खाटेवर बसले होते. साचा त्यांच्या हातात दिला. साचा म्हणजे ठशाचा उलटा, पंजाच हातात आल्यासारखा. त्यांनी अंगठा गादीवरून फिरवला, मग एकेका बोटावरून. दोन्ही तळहातांत धरून लांबी पाहिली, आडवा करून रुंदी.

"दुसरा?"

दुसरा दिला. तोही तसाच पाहिला.

"मादी," ते म्हणाले. "तू का लिहिलं?"

"मादी असावी, असं लिहिलं. कॅमेरा लावलाय."

"मांगं पाह्यलं?"

"पाहिलं. वाटेच्या दोन्ही अंगांनी, गवताच्या कडेनं, शंभर-शंभर पावलं. परत येतानाही पाहिलं."

"काही?"

"नाही. पण नाल्यात उतरले नाही."

त्यांनी साचे फडक्यात परत बांधले आणि माझ्या हातात दिले. "उद्या उन चढाच्या आत नाल्यात जाजो. दोघं जाजा," म्हणाले, आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली.